मोरजवाडीची रस्सीखेच

"ह्याच्या हुकमावर दोर वडायचा मी? सुभेदारानं? नायकाच्या हुकमावर?"

आमच्या आबांनी हे विचारलं खरं, पण आवाज म्हणून जे बाहेर पडलं ते सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं होतं. घसा पार बसला होता. समोर नायक महिपती काटे छाती काढून उभे होते आणि त्यांचा घसा ठणठणीत होता, हीच मोठी पंचाईत झाली होती.

"नायक असलो तरी तोफखान्यातला हाय म्हटलं," महिपतीकाका म्हणाले. "तोफंच्या वर आवाज काढलाय आमी. तुमच्या पायदळात काय, शिट्टी वाजली की पळायचं."

"पळायचं? कोण पळालं? सांग की, कोण पळालं?" आबा पुन्हा फुसफुसले.

मी लिंबाच्या सरबताची कळशी आणि पेले घेऊन मध्ये उभी होते. दोन्ही बाजूंनी हात पुढे येत होते, पेला रिकामा होत होता आणि भांडण चालूच होतं. पंच डांगे सरांनी दहा मिनिटांची विश्रांती दिली होती. त्यातली चार मिनिटं कोणाची पलटण मोठी या वादात गेली होती, आणि आता रँक निघाली होती.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. आमची मोरजवाडी फौजींचं गाव. डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो एखाद्या माजी सैनिकालाच लागणार, आणि तो आधी विचारणार, "कुठल्या पलटणीचा रं तू?" आबा, म्हणजे माझे सासरे हिंदुराव साबळे, सुभेदार होऊन घरी आलेले. गावातल्या माजी सैनिक संघटनेचे अध्यक्षही तेच. अध्यक्षपद निवडणुकीनं मिळालं नव्हतं, रँकनं मिळालं होतं. सगळ्यांत वरची त्यांची, विषय संपला.

त्या वर्षी संघटनेला एक गाडी हवी होती. कशासाठी, तर भिकूदादांसाठी. भिकाजी तांबवे हे आबांच्या बरोबरीनं भरती झालेले, लान्स नायक म्हणून परतलेले, जिभेला हाड नसलेले गृहस्थ. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जाऊन रक्त धुऊन घ्यावं लागे. फाट्यापर्यंत दोन मैल चालत, मग एक एसटी, मग दुसरी एसटी, आणि चार तास सुया टोचून घेतल्यावर पुन्हा तेच उलट. येताना ते खिडकीतून ओकत येत. माघ संपता संपता ते सगळ्यांना सांगायला लागले की आता डॉक्टरनं एकदाच यायला सांगितलंय. डॉक्टरनं असलं काही सांगितलं नव्हतं. आबा स्वतः जाऊन विचारून आले. डॉक्टर म्हणाले होते, एक खेप चुकवाल तर पुढची खेप लागणार नाही.

"मग गाडी घ्यायची," आबा म्हणाले. "आन त्याच्या एकट्याचीच न्हाय, गावातल्या समद्या म्हाताऱ्या फौजींची, त्यांच्या मागं राहिलेल्या बायांची. संघटनेची गाडी."

म्हणायला सोपं होतं. संघटनेनं भजनाचे सामने भरवले. आम्ही बायकांनी चैत्राच्या जत्रेत झुणका-भाकरीचा स्टॉल लावला, आणि मी मी म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढील असा ठेचा वाढला. वर्गणी जमत होती, पण गाडी जमत नव्हती. मग जत्रेच्या पहिल्या दिवशी आबांनी लाउडस्पीकरवरून जाहीर केलं की उद्या शाळेच्या मैदानावर सुट्टीवर आलेले जवान विरुद्ध माजी सैनिक अशी रस्सीखेच होईल, तिकीट लावून.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण खडी मशीनवाले जालिंदर शेठ तिथंच बसले होते. माणूस वाईट नव्हता. फक्त चार लोकांसमोर माइक दिसला की त्याच्या अंगात यायचं. ते उठले, माइक घेतला आणि म्हणाले, "सुभेदार, तुमी म्हाताऱ्यांनी ह्या पोरांना वडलं, तर माझी आठ सीटची गाडी, नवे टायर घालून, उद्याच्या उद्या संघटनेला. पण हारलात तर तुमची जमलेली वर्गणी देवळाच्या कमानीला. बोला!"

कमानीवर त्यांच्या वडिलांचं नाव घालायचं ठरलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लोक हसले. आता शहाण्या माणसानं हसण्यावारी न्यावं की नाही? पण आमच्या आबांनी माइक ओढून घेतला आणि म्हणाले, "मंजूर."

भिकूदादांना कुणी विचारलं नाही. ते मंडपात खुर्चीवर बसले होते. घरी परतताना मला म्हणाले, "वनिता, तुझा सासरा फौजेत एवढा बिनडोक नव्हता गं." आणि हसले. पण फाट्याकडच्या रस्त्यावर त्यांची नजर गेली आणि तिथंच राहिली, ते मी पाहिलं.

आणि आता, दुसऱ्या दिवशी मैदानावर, एक-एक अशी बरोबरी झाली होती.

पहिली खेच आम्ही हरलो ती पोरांमुळे नाही, स्वतःमुळे. आठ म्हातारे, पाच पलटणी. शिट्टी वाजल्याबरोबर ज्यानं त्यानं आपापल्या पलटणीचा जयघोष ठोकला. एकाचा लांब, एकाचा आखूड. एकाचा जय होऊन त्यानं दोर ओढला तेव्हा दुसरा अजून देवाचं नावच घेत होता. जवानांनी त्यांना पोत्यासारखं ओढून नेलं. दुसऱ्या खेपेला आबांनी स्वतः ओढता ओढता हुकूम दिले, आणि पोरं जरा जास्तच हवेत होती. एकजण तर मोबाईलकडे बघून हसत होता. सगळ्यांत मागे हवालदार खंडागळे दोर कमरेला वेढून असे आडवे झाले होते की मैदानात वडाचं खोड पडल्यासारखं वाटत होतं. जवान हसता हसता हरले. पण त्या एका खेचीत आबांचा घसा गेला तो गेलाच.

तिसरी खेच शेवटची. ओढणाऱ्यानं ओढायचं, ओरडायला बाहेर दुसरा माणूस हवा, हे आता सगळ्यांना पटलं होतं. मोकळे होते एकटे महिपतीकाका, कारण त्यांचा खांदा निखळलेला. पण ते नायक.

"हवालदारानं नायकाचं ऐकायचं आसंल तर मी दोर सोडतो," खंडागळे काका आडवे पडल्या पडल्या म्हणाले. त्यांनी दोर सोडला असता तर आमची टोळी थेट पाटणपर्यंत गेली असती.

"मग हुकूम देनार कोन? जालिंदर शेठ?" महिपतीकाका भडकले.

"वनिताला उभी करा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. भिकूदादा खुर्चीवर रेलले होते. चेहरा हळदीसारखा, पण डोळ्यांत खोडी होती.

"तिला कशाला?" आबांनी विचारलं.

"तिला रँक न्हाय. ना ती तोफखान्याची, ना पायदळाची. तिच्या हुकमानं कुणाची इज्जत जानार?"

"आरं पन सून हाय ती माजी!"

"मग? घरात वहिनींचा हुकूम ऐकतोस तवा रँक बघतोस व्हय रं?"

बायकांच्या घोळक्यात माझ्या सासूबाई होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. खंडागळे काका मातीत पडल्या पडल्या गदगदा हसायला लागले. आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. आम्हा दोघांचं हे गेली दोन वर्षं असंच चाललं होतं.

ते सांगायला हवं. माझे मालक हवालदार होते. दोन वर्षांपूर्वी वर बर्फात रस्ता खचला आणि त्यांची गाडी दरीत गेली. तेव्हापासून आमच्या घरात फोटो होता, हार होता, पेन्शनचे कागद होते, पण त्यांचं नाव कोणी घेत नव्हतं. मी नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता. आबाही घेत नसत. मी ताट वाढायचं, त्यांनी जेवायचं, मी विचारायचं, "भात वाढू?" त्यांनी म्हणायचं, "पुरं." घरातल्या चौघांत मोठ्यानं बोलायचा तो फक्त माझा धाकटा दीर सूरज, आणि तोही आता फौजेत शिपाई होता. या क्षणी तो पलीकडच्या टोळीत सगळ्यांत पुढे उभा होता, म्हणजे दोराच्या मधल्या रुमालाच्या त्या बाजूला तो आणि या बाजूला त्याचे वडील. सकाळीच आबांनी त्याला ताकीद दिली होती, "ढील दिलीस तर उंबऱ्यात पाय ठेवू देनार न्हाय." आणि सूरजनं ढील दिली नव्हती. साबळ्यांचं रक्त होतं ते.

"दोन मिनिटं," डांगे सर ओरडले. हे शाळेचे कवायतीचे सर, पंच म्हणून.

आबांनी हातातला पेला माझ्या कळशीवर ठेवला. "जमंल?" एवढंच विचारलं.

मला जमणार नव्हतं. पण भिकूदादांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते, आणि त्या हातांवर सुयांच्या जागी काळ्यानिळ्या गाठी आल्या होत्या. मी कळशी खाली ठेवली.

"जमंल आबा," मी म्हटलं.

"दोर उचला! ताण द्या!" सरांनी शिट्टी तोंडात धरली. मी डोक्यावरचा पदर सारखा केला. मैदानाच्या चारी बाजूंनी माणसं, झाडावर माणसं, शाळेच्या पत्र्यावर माणसं. शिट्टी वाजली.

"हं… ओढा," मी म्हणाले.

मला स्वतःलाही ऐकू आलं नाही. पलीकडे जवानांचा ओरडणारा पोरगा असा गरजत होता की खालची धूळ हलावी. ते एका तालात मागे रेलले आणि तांबडा रुमाल वीतभर त्यांच्याकडे सरकला.

"आबा, ओढा ना," मी जरा मोठ्यानं म्हणाले. बायकांत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "अगं, जेवायला बोलावतीस व्हय?"

रुमाल हातभर सरकला. आबांचे कॅनव्हासचे बूट मातीत दोन रेघा ओढत पुढे चालले होते. समोर सूरजच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या आणि तो वडिलांच्या डोळ्यात न बघता त्यांच्या बुटांकडे बघत होता. मागे खंडागळे काका दात खाऊन पडले होते, पण खोडसुद्धा मुळासकट निघायला लागलं होतं. जालिंदर शेठ मंडपात उभे राहून टाळ्या वाजवत होते. चुन्याच्या रेघेपर्यंत आता एक हात उरला असेल नसेल.

मी भिकूदादांकडे पाहिलं. ते दोराकडे बघतच नव्हते. मान खाली घालून आपल्या चपलांकडे बघत होते, एसटीची वाट बघणारा माणूस बघतो तसे.

तेव्हा मला कसलातरी राग आला. कुणाचा ते आजही सांगता यायचं नाही. जालिंदर शेठचा, एसटीचा, दरीचा, सगळ्याचाच. माझी नजर आमच्या म्हाताऱ्यांच्या पायांवर गेली. कुणी डावा रोवत होता, कुणी उजवा, कुणी दोन्ही पायांनी नाचत होता. आठ माणसं होती आणि आठ रस्त्यांनी चालली होती. जोर कमी नव्हता, पाय एक नव्हते.

आणि पोटातून, घशातून नाही, खरंच पोटातून, माझ्या तोंडून निघालं:

"टोली! पीछेऽऽऽ चल!"

ते मैदानावरून असं गेलं की झाडावरची माणसं गप्प झाली.

"बाएँ! दाएँ! बाएँ! दाएँ!"

कवायत. पलटणी पाच असोत की पन्नास, जयघोष वेगळे असोत की टोप्या, कवायत सगळ्यांची एकच. भरती झाल्यावर पहिल्या दिवसापासून जी पायात भरतात ती. डोक्याला विचारायला जात नाही, कानातून सरळ पायात उतरते. "बाएँ" म्हटल्याबरोबर आमच्या आठ म्हाताऱ्यांचे आठ डावे पाय एकदम उचलले गेले आणि धप्पकन मागे पडले. "दाएँ", आठ उजवे. दोर सरकायचा थांबला.

पण खरी गंमत पलीकडे झाली. तेही फौजीच होते. त्यांचेही कान कवायतीचेच. आमच्या म्हाताऱ्यांनी डावा पाय मागे टाकला तेव्हा त्या तरण्याताठ्या आठजणांचा डावा पायही आपोआप उचलला गेला. आणि दोर ओढताना ज्याचा पाय जमिनीवरून सुटला, तो संपला. उचललेला पाय ठेवायला त्यांना जागा होती ती फक्त पुढे.

"आरं, ऐकू नका तिचं! पाय रोवा!" त्यांचा ओरडणारा बोंबलला.

"बाएँ!" मी म्हणाले, आणि त्याचाही डावा पाय उचलला गेला. मी पाहिला.

सूरज माझ्याकडे बघत होता. भूत बघितल्यासारखा. त्यानं हा आवाज ओळखला होता. भरतीच्या आधी दोन महिने पहाटे याच मैदानावर त्याला याच आवाजानं पळवलं होतं, फक्त तो आवाज माझा नव्हता.

रुमाल मधे आला. मग आमच्याकडे आला. लोक असे ओरडायला लागले की डांगे सरांची शिट्टी ऐकू येईना. म्हातारे आता ओढत नव्हतेच. ते चालत होते. पाठ ताठ, हनुवटी वर, सव्वीस जानेवारीला चालतात तसे, फक्त उलटे. खंडागळे काका सगळ्यांत मागे, म्हणजे आता सगळ्यांत पुढे, गर्दी कापत होते. त्यांची पाठ बघून लोक बाजूला होत होते, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला आठ जवान पाय टाकत टाकत, धडपडत, हसत, शिव्या देत ओढले जात होते.

"झालं! जिंकले! माजी सैनिक जिंकले!" डांगे सर दोन्ही हात हलवत माझ्याकडे पळत आले. "सोडा आता! थांबा!"

फौजी "थांबा" म्हटलं म्हणून थांबत नाही. खंडागळे काका मंडपाकडे चालले होते आणि मंडपात, थेट त्यांच्या वाटेवर, जालिंदर शेठ सोफ्यावर उभे होते.

"आवं! इकडं कुठं?" शेठ ओरडले. "दिली! गाडी दिली! कुणीतरी आवरा यांना!"

आणि हे इथंच सांगून टाकते, शब्द पाळला त्यांनी. नवे टायर घालून गाडी आली आणि मंगळवारी भिकूदादा तिच्यात पुढच्या सीटवर बसून साताऱ्याला गेले, जाताना आणि येताना. त्यानंतर त्यांची एकही खेप चुकली नाही.

पण त्या वेळी मला गाडी सुचत नव्हती. जिंकलो हेही नीट कळलं नव्हतं. मी दोराच्या बाजूनं चालत होते, पदर केव्हाच खांद्यावर आला होता, आणि माझ्या तोंडून "बाएँ, दाएँ" येत होतं, आणि ते थांबवणं माझ्या जिवावर आलं होतं.

कारण माझे मालक पलटणीच्या ट्रेनिंग सेंटरला ड्रिलचे उस्ताद होते. नव्या भरतीच्या पोरांना, रंगरुटांना, कवायत शिकवायचे. सुट्टीवर आले की पहाटे मला घेऊन रानात जायचे, ज्वारी काढलेल्या मोकळ्या वावरात, आणि हसत म्हणायचे, "चल, आज तू उस्ताद. हुकूम दे." मी लाजत कायतरी पुटपुटले की म्हणायचे, "घशातनं न्हाय गं, पोटातनं. रंगरूट झोपलेला आसला तरी उठून चालाय पायजे." मग मी ओरडायचे, आणि एवढा मोठा सहा फुटी हवालदार माझ्या हुकमावर त्या वावरात या बांधापासून त्या बांधापर्यंत चालायचा. कुणाला ठाऊक नव्हतं ते. माझ्या आईलासुद्धा नाही. ते गेल्यावर मी एकदाही तसा आवाज काढला नव्हता. मला वाटलं होतं, तो त्यांच्याबरोबर गेला.

आता तो माझ्या पोटात सापडला होता, आणि "थम" म्हटलं की तो पुन्हा जाणार होता.

"वहिनी!" सूरज ओढला जाता जाता ओरडला. हसत होता की रडत होता कुणास ठाऊक, तोंडभर धूळ होती. "थम म्हण की! पाय मोडतील!"

मी आबांकडे पाहिलं. ते माझ्या अगदी शेजारून चालले होते, दोर दोन्ही मुठींत, पाय बरोबर तालात. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझी नजर चुकवली नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"बाएँ… आबा, म्हणू का थम?… दाएँ…"

"नगं," आबा म्हणाले. घसा बसलेला, तरी मला स्पष्ट ऐकू आलं. "संग्राम बोलतोय. बोलू दे त्येला."

दोन वर्षांनी ते नाव कुणीतरी घेतलं होतं. माझा आवाज फुटेल असं वाटलं, पण फुटला नाही. उलट असा लागला की शाळेच्या पत्र्यावरून परत आला. "बाएँ! दाएँ! बाएँ!" मंडपाचा एक खांब कलला, जालिंदर शेठ सोफ्यावरून उडी मारून बाजूला झाले, सोफा आडवा झाला आणि टोळी त्याला वळसा घालून पुढे निघाली. माझ्या मागे सासूबाई होत्या, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत, ताल धरून.

भिकूदादांच्या खुर्चीपाशी दोर आला तेव्हा ते उभे राहिले. कुणी हात दिला नाही, कुणाला सुचलंच नाही. त्यांनी दोराच्या मधे, आबा आणि सूरज यांच्यामधे, रुमालाशेजारी हात घातला आणि आबांकडे बघून म्हणाले, "लान्स नायक तांबवे, हजर!" आणि डावा पाय टाकला.

एक पाऊल. दोन. तीन. चौथ्या पावलाला त्यांना धाप लागली. हात सुटला नाही, मान ताठच होती, पण छाती भात्यासारखी हलायला लागली होती आणि ते काही थांबा म्हणणारे नव्हते. आबांनीही ते पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली.

मी पोटभर श्वास घेतला.

"टोलीऽऽऽ… थम!"

एक, दो. आठ म्हातारे, आठ जवान आणि भिकूदादा, सतरा टाचा मोरजवाडीच्या मातीवर एकदम वाजल्या.